‘प्रिय मित्रा’चा मायना : मालिकापुस्तके, बालपत्रमैत्री आणि स्मरणरंजन

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत आज मुख्यतः दोन प्रतिशब्द योजिले जातात : ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. दोहोंस समानार्थी समजण्याची प्रथा पडली असली तरी त्यांच्या घडणीत मोठे अंतर आहे. योहान्नेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या प्रबंधात ‘परत येणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून मूळ शब्द घडविला, तेव्हा घरापासून दूर पडलेल्या माणसास जडणारी एक व्याधी त्याला अभिप्रेत होती. ‘स्मरणरंजन’ या शब्दातून ही वेदना पार गळाली असून तिच्या जागी रंजन येऊन बसले आहे. ‘गतकातरते’त वेदना शिल्लक राहिली, परंतु तेथे घराच्या जागी काळ आला. घरी परतता येते, काळाकडे परतता येत नाही, आणि म्हणून या दुसऱ्या शब्दातील कातरतेवर औषध नाही.

मराठीतील बालपुस्तकमालिकांविषयी गेल्या दोन-तीन दशकांत जे आठवणीपर लेखन झाले आहे, त्याने यांपैकी पहिल्या शब्दाची निवड केली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ना. धों. ताम्हणकरांचे (१८९३–१९६१) ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’, भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) ‘फास्टर फेणे’, त्यानंतर दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ ही नावे उच्चारताच लेखकाचा स्वर सैल होतो, वाक्ये आखूड होतात, आणि उन्हाळ्याची सुट्टी, माजघर, पितळी डबा यांची यादी सुरू होते. या यादीत काही खोटे असते असे नव्हे. परंतु यादी म्हणजे समीक्षा नव्हे. आणि ज्या वाचकाच्या घरी माजघरही नव्हते व मालिकेचे सलग भागही नव्हते, त्याने या यादीपुढे काय करावे, हा प्रश्न अशा लेखनात सहसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत विवेचनात तो प्रश्न बेंबळीच्या अंतरावरून विचारावयाचा आहे. धाराशिव तालुक्यातील या गावापासून पुणे अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु येथे मोजावयाचे अंतर रस्त्याचे नाही, भाषेचे आहे.

प्रथम मालिकेचा विचार करू. एकटे पुस्तक आणि मालिकेतील पुस्तक यांतील भेद केवळ संख्येचा नाही. एकट्या पुस्तकात नायकाचे नाव पहिल्यांदा येते तेव्हा ते अनोळखी असते. लेखकाला त्याचा परिचय करून द्यावा लागतो. मालिकेच्या तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात तेच नाव पूर्वपरिचयाचे म्हणून येते. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ अशा शीर्षकांत नवीन असते ते ठिकाण, मुलगा जुनाच. भाषेच्या दृष्टीने पाहता ही रचना पत्राच्या फार जवळची आहे. दूरच्या मित्राचे पत्र येते तेव्हा पत्राच्या माथ्यावरचे गाव बदललेले असू शकते, तळाची सही मात्र तीच असते, आणि वाचणारा सहीपासूनच वाचावयास आरंभ करतो. पुढील पुस्तकाची वाट पाहणे आणि पुढील पत्राची वाट पाहणे या दोन क्रियांचे व्याकरण एकच होय. ज्या वयात मूल मालिका वाचते, नेमक्या त्याच वयात ते पत्रमित्र शोधू लागते, हा योगायोग नव्हे.

‘चांदोबा’चे उदाहरण या संदर्भात उपयोगी पडेल. मद्रासहून १९४७ च्या जुलैत तेलुगू व तमिळ भाषांत निघू लागलेल्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये सुरू झाली. विक्रम-वेताळाची कथा त्यात महिन्यामागून महिना येई : तोच राजा, तेच प्रेत, तोच प्रश्न विचारण्याचा प्रसंग, तेच मौन मोडणे. शंकर यांच्या रेखाचित्रामुळे तो राजा चेहऱ्यानेही ओळखीचा झाला होता. त्याचबरोबर दोन छायाचित्रांना जोडशीर्षक सुचवून ते पोस्टकार्डावर पाठविण्याची स्पर्धा असे. म्हणजे मासिकाकडे जाणारी एक वाट वाचकासही मोकळी होती. परंतु ‘चांदोबा’विषयी एक गोष्ट स्मरणलेखांत क्वचितच नोंदली जाते. त्याची मराठी ही बहुशः तेलुगूतून उतरलेली मराठी होती. ती पुण्याचीही नव्हती आणि मराठवाड्याचीही नव्हती. तिच्यात कोणाच्याच अंगणाचा वास नसल्यामुळे ती सर्वांपासून सारखीच दूर, आणि म्हणून सर्वांना सारखीच जवळ होती. शैलीच्या चोखंदळ वाचकांनी ‘चांदोबा’च्या भाषेस ठोकळेबाज म्हटले तर ते रास्तच आहे, पण बेंबळीच्या मुलाला त्या ठोकळेबाजपणात जी समता लाभली, तिचे मोल शैलीच्या मापाने होणार नाही.

फास्टर फेण्याची भाषा याहून वेगळी आहे. बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. शिक्षणासाठी तो पुण्यास विद्याभवनात येतो. त्याची सायकल, त्याचा सडपातळ बांधा, जिभेने काढलेला तो ‘ट्टॉक’ असा आवाज यांचा निर्देश स्मरणलेखांत हटकून होतो. तो खेडेगावातून आलेला आहे, हे मात्र बहुधा राहून जाते. वस्तुतः मालिकेतील त्याच्या चापल्याचे मूळ तेथेच आहे. शहरात नव्याने आलेला मुलगा शहराकडे जन्मजात शहरवासीयाहून अधिक डोळे उघडून पाहतो. त्याला गल्ल्या माहीत करून घ्याव्या लागतात, म्हणूनच त्या त्याला माहीत असतात. भागवतांना ही गोष्ट पुरती उमगलेली होती. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाला साहसासाठी अपरिचित भूमी लागते हे सांगावयास नको होते. त्यांनी ती भूमी एका खेडवळ मुलाच्या नजरेने पुण्यातच निर्माण केली. बेंबळीच्या वाचकास फेणे ओळखीचा वाटला असेल तर तो या कारणाने. तोही बाहेरचाच.

मात्र येथेच एक आक्षेप नोंदविणे अगत्याचे आहे. फेणे फुरसुंगीहून आला खरा, पण येताना त्याने फुरसुंगीची बोली बरोबर आणली नाही. त्याच्या तोंडची मराठी ही चपळ, खेळकर, परंतु शहरी शाळेची प्रमाण मराठी आहे. हा दोष भागवतांचा एकट्यांचा नव्हे. त्या काळच्या बालवाङ्मयाचा तो संकेतच होता. खेडूत बोली ही विनोदासाठी किंवा गड्याच्या तोंडी घालावयाची, नायकाच्या नव्हे, असा एक अलिखित नियम मराठी बालकथेने दीर्घकाळ पाळला. परिणामी फेण्याचे गाव केवळ पत्त्यापुरते उरले. बेंबळीच्या वाचकाने त्याच्यात आपले गाव ओळखले, पण आपले बोलणे ओळखले नाही.

ही अपूर्ण ओळख समजून घेण्यासाठी थोडा इतिहास लक्षात घ्यावयास हवा. बेंबळी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. १९१८ मध्ये हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शिक्षणाचे माध्यमही प्रामुख्याने तेच. वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ मध्ये पुण्यास निघाले. परंतु ज्या मुलाची शाळा पुढे उर्दूत जाणार, त्याच्या हाती मराठी बालमासिक पडले तरी ते शाळेबाहेरचे, आणि काहीसे मुद्दाम मिळवलेले वाचन ठरे. टपालाचीही तीच कथा. हैदराबाद संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते. त्याची तिकिटे संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. ब्रिटिश मुलखातील सोलापूर इतके जवळ, पण टपालाच्या हिशेबी तो परमुलूख. १ एप्रिल १९५० रोजी हे खाते भारतीय टपालात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाली, त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि १४ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक निघाला. तात्पर्य, पुण्या-मुंबईच्या ज्या पिढीने ‘गोट्या’ लहानपणी वाचला, तिच्या समवयस्क बेंबळीकराला तो लहानपणी वाचण्याची फारशी संधी नव्हती. त्याच्या मुलाने तो वाचला असेल, किंवा नातवाने दूरदर्शनवर पाहिला असेल. पुस्तकमालिकेची स्मृती येथे एका पिढीने उशिरा सुरू होते.

आता पत्राकडे वळू. मराठीत मुलांसाठी पत्ररूप लेखन नव्हते असे नाही. साने गुरुजींनी आपल्या पुतणीस, सुधेस, लिहिलेली पत्रे ‘साधना’तून आली व पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने वाचली जाऊ लागली. त्यापूर्वी जवाहरलाल नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेस लिहिलेली तीस पत्रे १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. दोन्ही ग्रंथ थोर आहेत. पण दोन्हींत आवाज आहे तो वडीलधाऱ्याचा; मूल तेथे ऐकणारे आहे. साने गुरुजींच्या पत्रांत ‘तू’ अत्यंत मायेने येतो, तथापि तो वरून खाली येणारा ‘तू’ आहे. मुलाने मुलास लिहिलेले पत्र ही याहून सर्वस्वी निराळी गोष्ट होय, आणि तिला मराठी पत्रलेखनाच्या परंपरेत जागाच नव्हती.

हे विधान अतिशयोक्त वाटेल, म्हणून मायन्यांची व्यवस्था आठवून पाहावी. आईवडिलांस ‘तीर्थरूप’, त्यांच्या तोलाच्या इतरांस ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, सवाष्णीस ‘सौभाग्यवती’, विधवेस ‘गंगाभागीरथी’, परक्या प्रतिष्ठितास ‘राजमान्य राजेश्री’. त्यापुढे वयानुसार शिरसाष्टांग नमस्कार, साष्टांग नमस्कार किंवा अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी ‘लोभ असावा’. या व्यवस्थेत पत्र लिहिणाराला पहिल्या शब्दापूर्वीच एक गोष्ट ठरवावी लागते : समोरचा आपल्याहून मोठा की लहान, आणि नात्यातला की परका? बेंबळीच्या बारा वर्षांच्या मुलाने एखाद्या मासिकातील सदरात नाव, इयत्ता व छंद वाचून रत्नागिरीच्या वा नागपूरच्या बारा वर्षांच्या मुलास कार्ड लिहावयास घेतले, की या सर्व खणांतील एकही त्याच्या कामाचा उरत नसे. तो समवयस्क आहे, नातलग नाही, परका आहे, पण परका राहू नये अशी इच्छा आहे. ‘प्रिय मित्र’ हा मायना या अडचणीतून रूढ झाला. पाठ्यपुस्तकातील पत्रलेखनाच्या प्रश्नात तो छापील मिळे. त्यामुळे त्याचे नावीन्य कोणाच्या ध्यानी आले नाही. परंतु जात, वय, नाते आणि मान यांचा उल्लेख न करता एका मराठी माणसाने दुसऱ्यास हाक मारण्याची ही रीत सामाजिक दृष्टीने लहान नव्हती. आडनाव पत्त्यावर असे, हे खरे; पण मायन्यात नसे.

‘तू’चा प्रश्न मायन्याहूनही नाजूक. न पाहिलेल्या माणसास मराठीत ‘तू’ म्हणता येत नाही. ‘तू’साठी एक तर दीर्घ परिचय लागतो, नाही तर अधिकार, अथवा समोर देव असावा लागतो. पत्रमित्राच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. मग पहिल्याच पत्रात ‘तू’ लिहिण्याचा धीर मुलास कोठून आला? याचे उत्तर मालिकापुस्तकांत शोधावे लागेल. बनेश आणि त्याचे सवंगडी एकमेकांशी ज्या बिनदिक्कत ‘अरे-तुरे’त बोलतात, त्या संवादांनी प्रमाण मराठीतील ‘तू’ मुलाच्या कानावर घातला. शाळेत गुरुजींकडून येणारी प्रमाण मराठी आज्ञेची आणि उत्तराची होती; पाठ्यपुस्तकातील ती उपदेशाची होती. मैत्रीची प्रमाण मराठी बेंबळीच्या मुलास प्रथम भेटली ती बहुधा गोष्टीच्या पुस्तकात. घरी आणि ओढ्यावर तो मित्रास ‘काय करायलास?’ किंवा ‘काय करूलालास?’ असे विचारी; कार्डावर मात्र ‘तू काय करतोस?’ असे लिही. पहिले वाक्य त्याचे स्वतःचे होते, दुसरे फेण्याचे. पण दुसऱ्या वाक्याखेरीज नागपूरच्या मुलाशी बोलणे त्याला संकोचाचे वाटे, ही वस्तुस्थिती आहे.

या ठिकाणी बोलीच्या अभिमान्यांकडून एक तर्क पुढे येईल. मालिकापुस्तकांनी खेड्यातील मुलाची बोली हिरावली आणि त्याला उसन्या भाषेत मैत्री करावयास लावले. तेव्हा या पुस्तकांविषयीचे त्याचे प्रेम म्हणजे आपल्याच दास्याचे स्मरणरंजन होय, असा तो तर्क. त्यात तथ्यांश आहे. कार्डावर ‘करायलास’ लिहिता येत नाही, हे मुलास कोणी सांगितले नव्हते आणि तरीही ते त्याला ठाऊक होते. यात एक निःशब्द अपमान दडलेला आहे. परंतु हा तर्क शेवटापर्यंत नेणे योग्य ठरणार नाही. रत्नागिरीचा मुलगाही घरच्या बोलीत लिहीत नव्हता, नागपूरचाही नाही. तिघेही आपापली बोली उंबऱ्यावर ठेवून एका त्रयस्थ भाषेत भेटत होते. त्या भाषेची मालकी पुण्याकडे होती, म्हणून ही भेट समपातळीवरची नव्हती. आणि तरीही ती भेट होती. ज्यांनी या दोहोंपैकी एकच बाजू पाहिली, त्यांनी पत्रे पाहिलेली नाहीत, केवळ भाषा पाहिली.

पत्राच्या साधनाचाही भाषेवर परिणाम होई. पोस्टकार्ड १८७९ पासून चालत आलेले. १९८० च्या दशकात ते पंधरा पैशांस मिळे. १९५० मध्ये आंतर्देशीय पत्र निघाले, पण मुलाच्या खिशास परवडे ते कार्डच. कार्ड उघडे असते. ते पोस्टमन वाचू शकतो, दुकानदार वाचू शकतो, ज्याच्या हाती पडेल तो थोरला भाऊ तर वाचतोच. तेव्हा कार्डावरील भाषा ही चारचौघांत घालावयाच्या कपड्यासारखी धुऊन इस्त्री केलेली असे. छंद, आवडते पुस्तक, शाळेतील क्रमांक, गावातील देऊळ, पाऊसपाणी एवढेच विषय. या पत्रांतील मजकूर सपक असतो अशी तक्रार करणारे हे विसरतात की तो मजकूर एका मुलाने दुसऱ्यास लिहिलेला असला, तरी साऱ्या गल्लीसमोर लिहिलेला आहे.

मुलींच्या बाबतीत हा उघडेपणा अधिक कठोर होता. इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्या मुलीस आद्याक्षरांची सही करून आपले मुलगीपण काही काळ झाकता येते. मराठीत ते अशक्य. ‘मी पुस्तके वाचते’ एवढे लिहिताच क्रियापद सर्व सांगून टाकते. मराठी पत्रमैत्रीत मुलगा-मुलगी अशा जोड्या कमी दिसतात याचे कारण केवळ समाजाचा धाक एवढेच नसून त्या धाकास हातभार लावणारे व्याकरणही आहे. ताम्हणकरांनी ‘गोट्या’च्या जोडीस ‘चिंगी’ लिहिली, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची वाटते. मुलीला पत्रात सांगण्यासारखे स्वतःचे एक पात्र तरी मिळाले. तिच्यावरील स्मरणलेख मात्र ‘गोट्या’वरील लेखांच्या मानाने फारच थोडे. असो.

परदेशी मित्रांचा निर्देश ओझरता करणे पुरेसे आहे. फिनलंडमधील तुर्कू येथून १९५२ ते २००८ पर्यंत चाललेल्या ‘इंटरनॅशनल यूथ सर्व्हिस’सारख्या संस्था देशोदेशींच्या मुलांची गाठ घालून देत. तो व्यवहार इंग्रजीत चाले, आणि बेंबळीच्या मुलाला तो बहुधा माहितीपुरताच होता. त्याच्या दृष्टीने परदेश म्हणजे पुणे.

स्मरणरंजनपर लेखनाचे खरे स्वरूप त्याच्या सर्वनामात उघड होते. बहुवचनी प्रथमपुरुषात मराठी दोन रूपे राखते : ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो समाविष्ट होतो. हिंदी ‘हम’ किंवा इंग्रजी ‘वुई’ यांना हा भेद करता येत नाही. मराठीला तो करता येतो, आणि म्हणून मराठी लेखकाने तो न करणे हा केवळ निष्काळजीपणा ठरत नाही. ‘आपण सारे फास्टर फेणे वाचतच मोठे झालो’ या धाटणीचे विधान स्मरणलेखांत ठायी ठायी आढळते. या ‘आपण’मध्ये बेंबळीचा वाचक त्याची संमती न विचारता ओढला जातो. तेथे प्रामाणिक सर्वनाम ‘आम्ही’ हे होय. ‘आम्ही वाचत होतो’ असे म्हटले असते, तर ‘मग तुम्ही काय वाचत होता?’ हा पुढील प्रश्न आपोआप उद्भवला असता. ‘आपण’ने तो प्रश्नच मिटवून टाकला.

या प्रश्नाचे एक उत्तर अत्यंत कटू आहे आणि ते मराठवाड्याच्याच मातीतून आलेले आहे. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. (लातूर जिल्हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता, हे येथे ध्यानी घ्यावे.) त्या आत्मकथनात बालपण आहे, परंतु परतून जावे असे ते बालपण नाही; मूल शाळेत जाऊ लागले हीच तेथे वस्तीच्या दृष्टीने अनिष्ट घटना ठरते. ज्याला भूक आठवते त्याला मालिका आठवण्याची सवड नसते. तेव्हा बालपुस्तकांचे स्मरणरंजन हा सवडीचा वाङ्मयप्रकार आहे असा निष्कर्ष निघतो, आणि तो अमान्य करता येणार नाही. तरीही बेंबळीच्या वाचकांचा एक मोठा वर्ग या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. त्याच्या घरी भाकरी होती, पण पुस्तक नव्हते. पुस्तक मिळाले ते उसने, तेही मालिकेतले सातवे किंवा अकरावे, पहिले कधीच नाही. या वर्गाने ना आत्मकथन लिहिले, ना स्मरणलेख.

या वाचकाच्या मनातील भावनेस ‘स्मरणरंजन’ म्हणणे चुकीचे होय. त्याला जे हवेहवेसे वाटते ते त्याच्याजवळ कधी पुरते नव्हतेच. मालिकेचे न वाचलेले भाग, न आलेले उत्तर, पत्रमित्राचा न पाहिलेला चेहरा यांची ही ओढ आहे. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार सांगितले : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारा आणि हरवण्याचाच विचार करीत राहणारा. बेंबळीचा वाचक या दोहोंत नीट बसत नाही. त्याच्याजवळ उभारण्यास घर नाही. हरविले म्हणावे तर ते हातीही नव्हते. ‘गतकातरता’ हा शब्द त्याला अधिक जवळचा, तोही पूर्ण लागू पडत नाही, कारण जे ‘गत’ ते निदान एकदा ‘आगत’ असावे लागते. या भावनेस मराठीत अद्याप नाव नाही.

स्मृतीच्या जतनातही हीच विषमता दिसते. १९८० च्या दशकात फेणे दूरदर्शनवर आला, ‘गोट्या’चीही मालिका झाली, २०१७ मध्ये ‘फास्टर फेणे’ चित्रपट निघाला आणि त्यात प्रत्यक्ष भागवतांनाच एक पात्र म्हणून स्थान मिळाले. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक संगणकीय रूपात सर्वांस विनामूल्य खुले झाले. ‘चांदोबा’ बंद पडूनही त्याचे जुने अंक हौशी वाचकांनी जतन केले. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु हे सर्व छापील आहे. त्या छापील मजकुरास मुलांनी दिलेले उत्तर, म्हणजे एकमेकांस लिहिलेली कार्डे, कोणत्याही संग्रहालयात रीतसर जमा झालेली दिसत नाहीत. ती ट्रंकेत राहिली, वाळवीने खाल्ली, रद्दीत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील जी गावे जमीनदोस्त झाली, तेथील घरांबरोबर घरांतले कागदही गेले. पत्रमैत्रीविषयी जे काही आज लिहिले जाते ते पत्रे समोर न ठेवता, केवळ आठवणीवर विसंबून. बालवाङ्मयाच्या अभ्यासकांनी लेखकांचा पत्रव्यवहार जमविला, वाचकांचा जमविला नाही. आणि भाषाभ्यासकांनी बोलींचे नमुने वृद्धांकडून टिपून घेतले, पण लेखी प्रमाण भाषा मुलांनी कशी आत्मसात केली याचा हा एकमेव स्वयंस्फूर्त पुरावा हातचा जाऊ दिला. दुसरी चूक पहिलीपेक्षा गंभीर आहे. परीक्षेतील पत्र गुणांसाठी लिहिलेले असते. पत्रमित्रास लिहिलेल्या कार्डास गुण देणारा कोणी नव्हता. तेथे ‘आणि’च्या जागी ‘अन्’ केव्हा आले, ‘ळ’ चुकला कोठे, ‘आहे’ की ‘हाय’ या ओढाताणीत कोणता शब्द खोडला गेला, हे सर्व शाईत उमटलेले असणार. खोडलेला शब्द हाच त्यातील सर्वांत मोलाचा.

अशी कार्डे अद्यापही काही घरांत असतील. ती मिळविताना लेखकाची आणि ज्याला ती लिहिली त्याची, दोघांचीही संमती घेणे आवश्यक आहे. नावे झाकावीत, पण गावे झाकू नयेत. कालनिश्चितीचे काम अवघड नाही, कारण बालवाचक तारीख घालण्यास विसरला तरी पत्ता कधी विसरत नाही. ‘हैदराबाद राज्य’ असा उल्लेख असेल तर कार्ड बहुधा १९५६ पूर्वीचे. पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड नसेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे असण्याचा संभव मोठा. ४१३ ने सुरू होणारा आकडा असेल तर निश्चितच त्यानंतरचे. लातूरच्या बाजूच्या गावापुढे ‘जि. उस्मानाबाद’ असेल तर ते १९८२ अलीकडचे नसावे. जिल्ह्याचे नाव ‘धाराशिव’ असे अधिकृतपणे झाले ते २०२३ मध्ये, आणि तोवर मुलांनी एकमेकांस कार्डे लिहिणे थांबले होते. तेव्हा बेंबळीहून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक बालपत्राच्या माथ्यावर उजव्या कोपऱ्यात ‘मु. पो. बेंबळी, जि. उस्मानाबाद’ असेच सापडेल.